टेबलावर काम चालू, कूलर बंद!

...अन् वरून मलेच म्हनते, "अहो, तुमचा घाम टेबलावर टपकू देऊ नका!" आता तुमीच सांगा, मे महिना, अकोला, भरदुपार, घरात धडधाकट कूलर असून बंद, अन् मानसानं घामही गाळाचा नाई? मंग ठेवाचा कुठी घाम? खिशात? तुमाले सांगतो, आमच्या जठारपेठेत मे महिन्याच्या दुपारी कुत्रंही रस्ता ओलांडाच्या आंधी विचार करते, अन् आमी घरातल्या घरात, कूलरच्या पुढ्यात, हाताची घडी घालून बसलो होतो! पेपरनं वारा घेतला तं म्हने, "पेपर ठेवा खाली." फुस्सकन श्वास सोडला तं म्हने, "तिकडं तोंड करून सोडा." काहून? तं बायको काम करून राहिली. टेबलावर काम चालू, कूलर बंद!

बायको म्हनजे साधना. मोबाइल रिपेरिंगचं दुकान हाये तिचं, घराच्या समोरच्याच खोलीत. मी पुंजाराम, मी बियान्याचा धंदा करतो, म्हनजे बारीक दाना काय असते ते मले कोनी शिकवू नये. पन हिचा माल पाहा तुमी! मोहरी पाह्यली ना? मोहरी म्हनजे भोपळा झाली. राजगिरा पाह्यला? त्या राजगिऱ्याच्या दान्याले मधातून कापा, त्यातला अर्धा हरवून टाका, जो राह्यला तो हिचा पार्ट! अन् तो पार्ट बोर्डाच्या पाठीवर नुसता चिकटून बसते, ना त्याले पाय, ना त्याले भोक. जुन्या रेडिओच्या पार्टाले कशा लांब लांब तारा राहे, पकडाले शेपटी तरी होती... याले काई नाई! अन् हे बाई त्याले चिमट्यात धरते, उचलते, ठेवते, जसं काई हळदीकुंकू लावून राहिली.

हा हात कसा बसला म्हनान? लग्न झालं तवा गल्लीतल्या साऱ्या बाया हिच्याकडून काळी पोत ओवून घेत. बारीक मनी, त्याहून बारीक सुई. तेच बोटं हायेत. मंग अमरावतीले जाऊन रिपेरिंगचं शिकून आली, भिंगाची दुर्बीन आनली, गरम हवेची नळी आनली, अन् त्या दिवसापासून आमच्या घरात कायदा लागू झाला. दुर्बीन लागली की कूलर बंद!

कायदा काई चुकीचा नाई जी, खोटं काहून बोलू? आमचा कूलर म्हनजे काई साधा कूलर नाई, लोखंडी हाये, अल्मारीएवढा, चालू केला की भिंतीवरचं कॅलेंडर उडून देवघरात जाते. त्याच्यापुढं त्या अर्ध्या राजगिऱ्याचं काय चालनार? अन् दुसरी गोष्ट, हिले बोर्ड गरम पाह्यजे अन् कूलर म्हनते मी थंड करतो. दोघं एका खोलीत नांदतच नाईत.

तं झालं काय, ऐका. आमची आरती पहिल्या बाळंतपनाले माहेरी आली. पोट्टी झाली, एक नंबर! दवाखान्यातून माय-लेकी घरी याच्या होत्या त्या सकाळी माही आई, पार्बताबाई, वय झालं पन अंगात भलती हौस, म्हने, "नात अन् पनती येऊन राहिली, घर थंडगार पाह्यजे!" अन् मी पानी टाकलं त्याच्यावर भरोसा नाई म्हनून स्वतः कूलरच्या टाकीत वाकून पाह्यलं. वाकली, अन् कानातली ऐकू याची मशीन... डुबुक!

काढली लगेच. पन आईनं काय करावं? कोनीतरी सांगतलं होतं की भिजलेला मोबाइल तांदळात ठेवते. आई म्हने, "तांदूळ वल खेचते, मंग दाळ काहून नाई खेचनार?" टाकली तुरीच्या दाळीच्या डब्यात! तिकडून ते निंघाली ते मुकीच. अमरावतीच्या दुकानदाराकडं पाठवली, त्यानं ठेवून घेतली, अन् बारशाच्या आदल्या दिवशी परत केली. "हे रिपेर होत नसते. नवी बोलवतो, पंधरा-वीस दिवस लागतीन." आता बारसं उद्या, अन् हा मानूस वीस दिवसाच्या गोष्टी करते!

अन् तुमाले सांगतो, एवढे दिवस आईनं काय केलं असन? पाळन्यापाशी बसून राहे. पोट्टी रडली की तिच्या तोंडाकडं पाहे, अन् मले विचारे, "रडून राहिली का रे? मले तं नुसतं तोंडच उघडं दिसते." आमच्या घरात पाळना म्हनाचा मान आईचा. माह्या बारशाले तिच्या सासूनं म्हनला, आरतीच्या बारशाले तिनं. अन् या खेपेले आई म्हने, "मी नाई म्हनत. जिचा आवाज ऐकला नाई तिले पाळना कोन्या तोंडानं म्हनू?" अन् आई एकदा नाई म्हनली की संपलं, तिले देवही समजावू शकत नाई.

तं मी हातानं खुना करून म्हनलं, साधनाले दे. आई कशी म्हनते? "मोबाइलवालीच्या हातात माहा कान देऊ?" झालं! हिची सून गावाचे मोबाइल जित्ते करते, पन सासूच्या मते ते 'टिकल्या चिकटवते.' साधना नुसती हात पुढं करून उभी राह्यली. आईनं तिच्याकडं पाह्यलं, पाळन्याकडं पाह्यलं, अन् ठेवली बापा मशीन तिच्या हातावर. अन् स्वतः खुर्ची ओढून समोर बसली. लक्ष ठेवाले!

मंग? मंग काय, कूलर बंद! पंखाही बंद! एसी एकच, तो बाळंतिनीच्या खोलीत, अन् तिथी पुरुषाचं काय काम? म्हनजे मी समोरच्याच खोलीत, भट्टीत.

पन काय हात चालला हो तिचा! मशीन उघडली, आत नखाएवढा बोर्ड. ब्रशनं घासून गंज काढला. मंग त्याच्यावर स्पिरिटचा थेंब सोडला अन् जरासा करंट देला. मी म्हनलं, हे काय? म्हने, "पाहा, जिथी पहिल्यांदा सुकन तिथी दोष. खराब पार्ट गरम होते." अन् खरंच, सारा बोर्ड वला, अन् कोपऱ्यातला एक ठिपका कोरडा! चोर सापडला! मी आईच्या मांडीवर थापच मारली. बाजूच्या पार्टाले धग लागू नये म्हनून पिवळी टेप लावली, मलमासारखं फ्लक्स लावलं, नळीतून गरम हवा गोल-गोल फिरवली, एका जागी नाई धरली, जशी भाकरी फिरवते तशी... अन् सोल्डर, म्हनजे डागनीचं कथील, चमकलं की चिमट्यानं अल्लाद उचलला. ओढला नाई हो! ओढला की खालची पट्टीच उपटून येते, मंग बोर्डाले रामराम. जुनं सोल्डर तांब्याच्या जाळीनं टिपून घेतलं, जागा लख्ख. आई तं तोंड उघडं टाकून पाहून राहिली होती.

आता नवा पार्ट? तसा एकच होता. बाळापूरच्या एका आजोबाची तशीच जुनी, बंद पडलेली मशीन हिच्या डब्यात पडून होती, त्यातून काढला. एकच! तो गेला तं बारशाचा पाळनाही गेला. साधनानं तो चिमट्यात धरला, दुर्बिनीत डोळे घातले, श्वास रोखला...

अन् दारात कोन? इवाई! आरतीचे सासरे, भातकुलीचे, बारशाले एक दिवस आंधीच आले. सदरा वलाचिंब, टक्कल चमकून राहिलेलं. सरळ आत आले, टेबलापाशी उभे राह्यले अन् म्हनते, "काय इवाई, लाइन गेली का?"

काय सांगू? टेबलावरचा लाइट तं ढळढळीत चालू! म्हनलं, "नाई जी, लाइन हाये."

"मंग कूलर बिघडला का?"

"नाई जी, चांगला हाये."

"मंग?"

पोरीचा सासरा, उन्हातून आलेला, अन् त्याले चालू लाइनीत, चांगल्या कूलरसमोर घामात बसवाचं? भातकुलीत उद्या काय बोलतीन लोकं? 'पुंजारामनं इवायाले कूलर नाई लावला!' एकशे एक मान-पान केले, पन हेच लक्षात राहीन. अन् माहा हात, मी नाई जी, माहा हात, गेला बटनावर.

भर्रर्रर्र!

कॅलेंडर उडालं. टेप उडाली. अन् चिमटा... चिमटा रिकामा!

साधनानं दुर्बिनीतून डोळे काढले, माह्याकडं पाह्यलं, अन् एवढ्याश्या आवाजात म्हनली, "बंद."

बंद! मंग शोधा! मी रांगत, जावई अंकुर बापामागून आला तो पिशव्या सोडून रांगत, मोबाइलचे टॉर्च लावून, फरशीच्या फटीफटीत. ते काय दिसते? अर्धा राजगिरा! मले तं रडू येऊन राहिलं होतं. आईले काई ऐकू आलं नाई, पन समजलं सारं. ते उठली अन् पाळन्याच्या खोलीकडं तोंड करून बसली. तिची ते पाठ पाहून वाटलं, पुंज्या, तुले त्या कूलरच्या टाकीतच बुडवाले पाह्यजे.

अन् तेवढ्यात साधना म्हनते, "इवाई, हलू नका."

इवाई थिजले. "काय झालं? इच्चू हाये का?"

"बोलूही नका."

अन् तिनं डोक्यावर पदर घेतला बरं का, रीत सोडली नाई, इवायाच्या समोर गेली, भिंग लावलं, अन् चिमट्यानं त्यायच्या टकलावरून अल्लाद... पार्ट! घामाले चिकटला होता! सांगा, इवायाले मी आंधीपासून कूलर लावला असता तं टक्कल कोरडं राह्यलं असतं, अन् पार्ट गेला असता थेट खिडकीबाहेर! इवाई बिचारे कपाळाले हात लावून म्हनते, "माह्या डोक्यातही काई बसवून राहिले होते का तुमी?"

स्पिरिटनं धुतला, तपासला, अन् ठेवला जागेवर. तिरपा ठेवला! मी म्हनलं, "अवं, तिरपा झाला." म्हने, "पाहा नुसतं." नळीची हवा देली, सोल्डर इतळलं, अन् तुमाले सांगतो, तो पार्ट आपल्या आपन हलला, फिरला, अन् सरळ येऊन बसला, जशी संध्याकाळी गाय आपल्या खुंट्यापाशी येऊन उभी राह्यते! हिनं हातही नाई लावला! मी भिंगातून पाह्यलं अन् अंगावर काटा आला. म्हनलं, साधना, जादू हाये तुह्या हातात! म्हने, "जादू कायची? सोल्डरच ओढून घेते त्याले. आपन फक्त मधात कडमडाचं नाई." हे मधातलं माह्यासाठी होतं, समजलं मले.

मशीनचं झाकन लावलं, चालू केली अन् आईच्या कानात बसवली. अन् आतून पोट्टीनं टाहो फोडला!

आई दचकलीच. डोळे मोठे झाले, मंग भरून आले, अन् म्हनते, "माय वो... इचा आवाज तं माह्या सासूवानी हाये!" अन् हसून राहिली, रडून राहिली. साधनाच्या गालावरून हात फिरवला, म्हनली, "सूनबाई, माहा कान आता तूच पाह्यजो. त्या अमरावतीवाल्याले दाखवू नको." बावीस वर्सात पहिल्यांदा! माहे तं डोळे वाहून राहिले होते, घाम म्हनून पुसले. इवायानंही पुसले, त्यायले तं पुसाले भरपूर होतं.

बारसं झालं बापा थाटात! आईनं पाळना म्हनला, असा म्हनला की शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राह्यल्या. पोट्टीचं नाव दामिनी ठेवलं. पाव्हने गेले, टेबल रिकामं झालं, अन् मी म्हनलं, चला, आता तं कोन्याच कायद्यात अडत नाई. मोठ्या मानानं गेलो अन् दाबलं बटन.

भर्रर्रर्र!

"माय वो!" आई दोन्ही कानांवर हात ठेवून उठली. "अबे पुंज्या, घरात थ्रेशर काहून चालू केलं? बंद कर!" अवं आई, कूलर हाये! "मले काय सांगतं? माहा कान फाटून राहिला!" मी साधनाकडं पाह्यलं, म्हनलं, मशीनचा आवाज जरा कमी कर ना. म्हने, "करता येते. पन मंग दामिनी हुंकारते ते आईले ऐकू याचं नाई." आई म्हने, "खबरदार मशीनले हात लावला तं!" म्हनलं, मंग एसीच्या खोलीत बस. म्हने, "तिथी माहे सांधे धरते."

झालं. आंधी टेबलावर काम असलं की कूलर बंद राहे, आता आईचा कान चालू हाये म्हनून कूलर बंद. तुमी हसून राहिले? हसा, हसा... पन जरा हळू हसा जी, आत आईले सारं ऐकू जाते आता.