सासरे आणि एकोणीस कोट

मी, लाँड्रीवाल्यांची सून, वय एक्केचाळीस, धंदा घरच्या लाँड्रीच्या काउंटरवर बसणे, राहणार त्याच लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर, आज रोजी ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

घरी मी, माझे पती, आठ वर्षांची मुलगी आणि सासरे असे चौघे राहतो. सासऱ्यांचे वय शहात्तर. त्यांनी पन्नास वर्षे लाँड्री चालवली. गेल्या वर्षी पतींनी वाफेचे मशीन आणले आणि ‘बाबा, आता तुम्ही आराम करा’ म्हणून त्यांच्या हातची इस्त्री काढून घेतली. तेव्हापासून सासरे दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कॉलरींना नावे ठेवतात. आराम करून माणूस इतका थकलेला मी दुसरा पाहिला नाही.

इथल्या हिवाळी मेळ्याला जायचे म्हणून मुलीने आठवडाभर आमचे डोके खाल्ले होते. आज दुकानाला सुट्टी, म्हणून लाँड्रीच्या व्हॅननेच निघालो. मागे जुनी इस्त्री, ब्रश, सुईदोरा आणि हँगरची दांडी होती. ते सामान उतरवा, असे मी पतींना म्हटले होते. “राहू दे गं, कोण हात लावतंय त्याला?” असे ते म्हणाले. हे कृपया नोंदवून घ्यावे.

दुपारी पोहोचलो. बोलले की तोंडातून वाफ निघत होती. चौकभर दिव्यांच्या माळा, मधोमध लाकडी घोड्यांचे चक्र. मुलगी त्यावर चार वेळा बसली. पती तिच्यासोबत एकदाच बसले आणि उतरल्यावर बराच वेळ खांबाला धरून उभे राहिले. मी पोट धरून हसले.

नंतर सभागृहात नाच होता. आत उकडते म्हणून लोक कोट दाराशी देतात. तिथली मुलगी प्रत्येक कोटाला नंबराचा बिल्ला लावून तो दांडीला टांगते आणि तसाच दुसरा बिल्ला मालकाच्या हातात देते. सासरे म्हणाले, “तुम्ही जा आत, मी इथं बसतो निवांत.” त्या ‘निवांत’वर मला शंका यायला हवी होती. पण पतींनी हात पुढे केला होता. लग्नाला चौदा वर्षे झाली, असा हात त्यांनी पहिल्यांदाच पुढे केला. मी गेले.

पुढचे त्या कोटवाल्या मुलीने सांगितले. तिला भूक लागली म्हणून ती सासऱ्यांना म्हणाली, “आजोबा, मी सूप घेऊन येते. कोटांकडे जरा बघाल का?” सासरे म्हणाले, “निर्धास्त जा, पोरी.” आता, आमच्या घरात कपड्यांकडे बघणे म्हणजे नुसते टक लावून बसणे नव्हे. बिल्ला लावून दांडीला टांगलेला कपडा म्हणजे संध्याकाळपर्यंत करून द्यायचे काम, ही आमच्या धंद्याची रीत.

कोटवाली मुलगी सूपच्या रांगेत मैत्रिणीशी बोलत राहिली. तेवढ्या वेळात सासऱ्यांनी कोट हातावर टाकून खेपा घातल्या, सगळे व्हॅनमध्ये नेले, शेजारच्या खेळण्यांच्या दुकानातून वायर ओढली आणि इस्त्री तापवली. एकूण कोट एकोणीस. त्यांत एक रुपेरी बटणांचा, मेळ्याच्या बँडमास्तरांचा होता.

संध्याकाळी मेळ्यातल्या कंदिलांच्या मिरवणुकीची वेळ झाली तरी बँडमास्तरांना कोट मिळेना. ते नुसत्या शर्टावर निघाले. थंडीने त्यांची छडी अशी भराभर हलू लागली की बँडला धापा टाकत वाजवावे लागले आणि कंदील घेतलेली मुले मागून पळत सुटली. दरवर्षी अशीच मिरवणूक काढावी, असे माझ्या मुलीचे म्हणणे आहे.

मिरवणूक आमच्या व्हॅनपाशी आली. मागचे दार उघडे होते. बँडमास्तर ओरडले, “चोर! माझा कोट!” सासरे ब्रश झटकत म्हणाले, “ओरडू नका. बिल्ला दाखवा आणि घेऊन जा.” रागाच्या भरात बँडमास्तरांना बिल्ला सापडेना. बिल्ल्याशिवाय सासऱ्यांनी कोट दिला नाही. तेव्हा सगळी वरात, कोटांसकट आणि मागे बँडसकट, ठाण्यात आली.

इथे बँडमास्तर सर्वांसमक्ष म्हणाले, “म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नसेल तर मी सोडून देतो. पण कळून सवरून केलं असेल तर चोरीची तक्रार लिहून घ्या.”

पतींनी मला व्हरांड्यात नेले. म्हणाले, “सांग, की बाबांना आताशा काही कळत नाही. एवढं बोललीस की सुटले.”

मी म्हटले, “अहो, आज मी बोलेन. उद्या अख्खी गल्ली बोलेल. परवा तुम्हालाही खरं वाटायला लागेल.”

मला भीती वाटत होती, ती लपवत नाही. शहात्तराव्या वर्षी चोरीचा आळ, तोही लाँड्रीवाल्यावर. उद्या कोणी आम्हाला साधा रुमालही धुवायला देणार नाही. सासरे व्हरांड्याच्या दाराजवळच्या बाकावर बसून जमिनीकडे बघत होते. त्यांनी सगळे ऐकले होते.

कपडे दुसऱ्याचे आहेत हे सासऱ्यांना कळत होते काय, असे हवालदारसाहेबांनी मला विचारले. माझे उत्तर : होय. पन्नास वर्षे त्यांनी दुसऱ्याचेच कपडे हाताळले आहेत. त्यांचे डोके माझ्यापेक्षा आणि पतींपेक्षा शाबूत आहे. हात रिकामे होते आणि समोर काम टांगलेले दिसले, म्हणून त्यांनी ते जाणूनबुजून केले. चोरायचेच असते तर बँडमास्तरांच्या कोटाचे उसवलेले अस्तर कशाला शिवले असते?

यावर बँडमास्तरांनी टेबलावर ठेवलेला आपला कोट उलटा करून पाहिला. मग अंगात घातला आणि खिडकीच्या काचेत पाठ दिसते का ते पाहू लागले. बऱ्याच वेळाने सासऱ्यांना म्हणाले, “याची पँट पण आहे.”

सासरे काही बोलायच्या आत पती म्हणाले, “सोमवारी पाठवून द्या. बाबा असतात दुकानात.”

तक्रारीचे काय करायचे ते बँडमास्तर त्यांच्या जबाबात सांगतील. माझ्या मुलीला भूक लागली आहे.

वरील जबाब हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. सासऱ्यांनी बाकावरून हात वर केला आणि डोक्याबद्दलचे वाक्य पुन्हा वाचायची विनंती केली. ते वाक्य दुसऱ्यांदा वाचण्यात आले. दोन्ही वेळा बरोबर आहे, म्हणून सही करते.