तासाभराची विद्यार्थिनी

विद्यापीठाकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी आणि तिची नात उभ्या होत्या. विद्यापीठाचा वर्धापनदिन होता आणि तिथली पहिली विद्यार्थिनी म्हणून आजीचा सत्कार व्हायचा होता.

“आजी, भाषण पाठ झालं ना? ‘ज्ञानाच्या ओढीने आम्ही धावत आलो...’”

“कसली ओढ गं? चहा-बिस्किटं होती म्हणून गेले.”

“आजी, हळू बोल!”

“खरं तेच सांगते. देश नवा होता. झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं, मग कुणाला तरी आठवलं की विद्यापीठ राहिलंच. लष्कराचा जुना तबेला रंगवला आणि पाटी ठोकली.”

“पुस्तिकेत ‘ऐतिहासिक वास्तू’ म्हटलंय.”

“इतिहासाला लिदीचा वास येत होता. त्यात उद्घाटनाला मंत्री येणार आणि खुर्च्या रिकाम्या! कुलगुरू स्वतः आमच्या गल्लीत आले. म्हणाले, ‘ताई, तासभर विद्यार्थिनी व्हा.’ मी धुणं तसंच टाकून गेले.”

“आणि बाकीचे?”

“मंत्र्यांची गाडी हलली, तसे सगळे पसार.”

“मग तू दुसऱ्या दिवशी परत कशाला गेलीस?”

“चहाच्या आशेने. दुसरं काय!”

“मिळाला?”

“कुठला! अख्ख्या तबेल्यात प्राध्यापक एकटेच बसले होते. मला दारात बघितलं आणि चटकन उठून उभे राहिले.”

“बरं, मग?”

“मग काय, बसले शिकायला. तोवर मी आले म्हणून कुणी उठून उभं राहिलं नव्हतं गं.”