पोरीच्या वाटणीची बरणी

सासू : उगाच मखलाशी नको. दवाखान्यातली आहारवाली बाई चारचौघांत मला विचारत होती, बरणी दर वेळी रिकामी होते ती कुणाच्या पोटात?

सून : पोरीच्याच. आणखी कुणाच्या?

सासू : मग वजनाचा काटा का हलत नाही? ठोकळे जुळवायला दिले, तर नुसती बघत बसली. शाळेतही तिला खालच्या वर्गात बसवणार म्हणतायत. बाई म्हणाली, गोळ्यांनी एचआयव्ही आवरेल, पण वाढत्या मेंदूला चांगलं तेल-तूप पोटात जायला हवं. म्हणून तर बरणीतून ती दाण्यांची तेलकट पेस्ट देतात. औषधच समजा म्हणाली.

सून : बरं, ऐका मग. माझा मुलगा खातो.

सासू : आजारी पोरीच्या तोंडचा घास? देवाला काय तोंड दाखवशील गं? तुझ्या थोरल्या जावेनं मरताना तुझ्या हातात पोर दिली.

सून : दिली ना! तेव्हापासून तिच्या उलट्या, तिचे कपडे, तिच्या गोळ्यांची वेळ, सगळं मीच बघते. तुम्ही देवापुढं डोळे मिटून बसता. माझ्या मुलाची परीक्षा आहे, आई. उद्या हे घर त्याच्याच जिवावर चालायचंय. ती किती दिवसांची, कोण जाणे.

सासू : जीभ झडेल तुझी! गोळ्या चुकवल्या नाहीत तर माझ्यासारखी म्हातारी होईल ती. डॉक्टरांनी सांगितलंय.

सून : मुलगा पहिला आला, तेव्हा गल्लीभर कोण मिरवलं? आमच्या घराण्यातच डोकं आहे म्हणे! त्याच सकाळी त्याच्या पोळीला ती पेस्ट कुणी फासली होती? तुम्हीच ना?

सासू : मला वाटलं, एखाद्या दिवशी काय बिघडतं...

सून : मलाही रोज तसंच वाटतं.

सासू : (दाराकडे बघून) अगं चिमणे, तू कधीची उभी आहेस? ये इकडे. आजपासून बरणी माझ्या उशाशी राहील. घे, आ कर बघू.

नात : नको आजी. दादाला दे.

सासू : का गं राणी?

नात : मला नाही आवडत ती.

सासू : कधी खाल्लीस तू?

नात : खाल्ली नाही. पण काकू म्हणते, तुला नाही आवडत ती.