ठमीचा रोज

तुम्ही फीचं काय सांगताय, माझ्या फीचा निकाल आमच्या ठमी शेळीनं लावला. मला सिनेमाची डिग्री करायची होती. फी ऐकून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एवढंच विचारलं, "शिकल्यावर मिळतं किती?" मला काय माहीत.

तेवढ्यात कासारसाईच्या धरणावर शूटिंग आलं आणि त्यांना शेळी हवी होती. आम्ही भरे गावातून ठमीला टेम्पोत घालून नेलं. तिथं एक पोरगा दिवसभर तिच्यावर छत्री धरून उभा. तो निघाला हीच डिग्री घेतलेला. आबांनी त्याला गाठलंच.

"रोज किती पडतो रं तुला?"

पोरानं आकडा सांगितला. आबांनी एकदा ठमीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"हिला तुझ्या दुप्पट हाय की. हिनं कुटं डिग्री केली?"

"काका, तिला क्लोजअप आहे ना."

मला वाटलं, संपलं सगळं. पण त्यानंतर ठमीला इतकी कामं यायला लागली, की त्याच पैशातून आबांनी माझी फी भरली. आता गावात कुणी विचारलं, की मिशीत हसत सांगतात, "दोघी बी फिल्लम लाइनीत हायेत. ठमी कमावती, ही अजून शिकतीया."