तीन खाचा

(गॅरेज. ट्रकची केबिन पुढे कलंडलेली, इंजिनाचं हेड काढून बाकावर ठेवलेलं. मिस्त्री, ट्रकची मालकीण ताई आणि तो ट्रक चालवणारा तिचा धाकटा भाऊ.)

ताई : हात लावू नका. आधी मला बघू द्या.

मिस्त्री : बघा की. जळलेलं गॅस्केट आहे ताई, पळून नाही जाणार.

ताई : सहा आठवड्यांत गेलं! मागचं तीन वर्षं टिकलं होतं.

धाकटा : तेव्हा म्हणत होतीस, तीन वर्षांतच कसं गेलं.

ताई : तू बोलूच नकोस. किल्ली ठेव त्या बाकावर.

धाकटा : इंजिन उघडं पडलंय. किल्लीने काय हवेत उडवणार आहे मी गाडी?

ताई : ठेव म्हणते ना. संध्याकाळी नवा ड्रायव्हर येतोय. त्याच्या हातात देणार आहे.

मिस्त्री : अहो ताई, सख्खा भाऊ...

ताई : तुम्ही मध्ये पडू नका. तुम्हा दोघांचं गूळपीठ मला माहीत आहे.

मिस्त्री : बरं, नाही पडत. पण नवं गॅस्केट कुठलं घालायचं ते मला ठरवायचंय, तेव्हा सगळं खरंखरं सांगा. हे इंजिन कंपनीतून आलं तसं राहिलेलं नाही. तुमच्या बाबांनी मोठ्या गाडीचे पिस्टन घातले, वर टर्बो चढवला. हे पिस्टन ब्लॉकच्या बाहेर डोकं काढतात. म्हणून ब्लॉक आणि हेडच्या मध्ये याला सगळ्यात जाड गॅस्केट लागतं. काठावर एक खाच म्हणजे पातळ, दोन म्हणजे मधलं, आणि...

ताई : आणि तीन म्हणजे जाड. मला शिकवू नका. ‘तीन खाचांशिवाय घालायचं नाही’, बाबा असताना रोज ऐकलंय. हे बघा. एक, दोन, तीन. गॅस्केट बरोबर होतं. म्हणजे गडबड दुसरीकडे आहे.

मिस्त्री : दुसरीकडे म्हणजे?

ताई : याला विचारा. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं असणार. चढावर जोर पाहिजे ना साहेबांना!

धाकटा : मी स्क्रूला हात लावलेला नाही.

ताई : तू दुसरं काय म्हणणार?

मिस्त्री : नाही फिरवलेला, ताई. सकाळीच बघितलं मी. स्क्रूवर कुणीतरी लाल ठिपका लावलाय. तो जसाच्या तसा आहे, चीरसुद्धा नाही.

ताई : नीट बघितलंत?

मिस्त्री : बॅटरी मारून, भिंगातून.

धाकटा : ती तुमचीच खूण ना, मिस्त्री?

मिस्त्री : छे. मी पांढरा रंग लावतो. हे तर नेलपॉलिश आहे.

धाकटा : ताई, तू लावलास ठिपका?

ताई : हो, लावला. मागचं गॅस्केट गेलं तेव्हाच. मग? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

धाकटा : गाडी धुताना मी तिथे पाण्याचा फवारा मारत नव्हतो. म्हटलं मिस्त्रींची खूण आहे, जायला नको. फडक्याने पुसायचो. हळूच.

ताई : मग गेलं कसं? स्क्रू फिरला नाही, गॅस्केट बरोबर, इंजिनाला काय दृष्ट लागली?

धाकटा : ते मला काय माहीत! अर्ध्या चढावर पाण्याची नळी फुटली. भरलेली गाडी मागे सरकायला लागली, तेव्हा चाकांना दगड लावले. हा हात भाजला त्यात. आल्यापासून तू स्क्रूचं विचारलंस, हाताचं नाही.

ताई : बघितला मी हात.

धाकटा : बघितलास. विचारलं नाहीस.

मिस्त्री : थांबा हो दोघं. ताई, मागचं गॅस्केट, मी दिलेलं, ते तुम्ही घरी नेलं होतंत. टाकून दिलंत का?

ताई : टाकेन कशी? या पिशवीतच आहे. तुम्ही जुना माल गळ्यात मारलात हे दाखवायला जपून ठेवलंय.

मिस्त्री : देव पावला म्हणायचा. ठेवा दोन्ही शेजारी शेजारी. आता मोजू नका. खाचांवरून नुसतं बोट फिरवा.

ताई : तुमच्या तिन्ही गुळगुळीत. या नव्यातली पहिली गुळगुळीत... दुसरी बोटाला लागतेय. तिसरीही.

मिस्त्री : कारखान्यात पाडलेली खाच अशी बोचत नाही. या दोन कानशीने घासल्यात. थांबा, जाडी मापतो. हे माझं, दीड मिलिमीटरला एक केस कमी. आणि हे... सव्वासुद्धा नाही. एका खाचेचं आहे हे, ताई. पिस्टन बघा, डोक्यावरची काजळी पुसली गेलीय. हेडला चाटत होते बिचारे.

ताई : म्हणजे कुणीतरी मुद्दाम...

धाकटा : हे आणलं कुणी होतं?

ताई : मी. मोजून घेतलं होतं. काउंटरवर सांगितलं, तीन खाचा नसतील तर मी घेणार नाही.

मिस्त्री : काय बघणार ते आधीच सांगितलंत?

ताई : तो म्हणाला, मागे गोदामात असेल, बसा. पाणी दिलं प्यायला. पंधरा मिनिटांनी घेऊन आला.

मिस्त्री : दोन खाचांना पाच पुरतात.

धाकटा : आणि चोर सोडून संन्याशाला सुळी.

ताई : पण मिस्त्री, बसवलं तर तुम्ही! तुम्हाला कळलं नाही?

मिस्त्री : मापायला घेतलं होतं मी. तुम्ही म्हणालात, ‘मी मोजलंय, तुम्ही फक्त बसवा.’ राग आला मला. तीस वर्षं हेच करतोय, म्हटलं घ्या, बसवतो. रागारागात न मापताच बसवलं. नुसतं बोट फिरवलं असतं तरी पुरे होतं. त्याच्या हाताला मीही कारण आहे.

धाकटा : जाऊ द्या, मिस्त्री. आता कुठलं घालायचं ते सांगा.

मिस्त्री : पोलादी थरांचं, तीन खाचांचं. साधं आता नको. हेड तापलंय, ते आधी सपाट करून घेऊ. बोल्टही नवे. आणि दुकान दुसरं.

ताई : थांबा, एक फोन करते... हॅलो. हो, मीच. संध्याकाळी येऊ नका. नाही नाही, विकली नाही. गाडीला माणूस आहे... हं. दुखतोय का रे हात?

धाकटा : रात्री दुखतो.

ताई : चुकलं माझं. जा, गॅस्केट तूच घेऊन ये.

धाकटा : तू पण चल.

ताई : नको. तू आणशील ते चालेल मला.

धाकटा : आज चालेल. पुढच्या चढावर गाडी तापली की तुला आठवेल, कुणी आणलं होतं ते. चल बरोबर. बोट तू फिरव, माप मी घेतो.

ताई : बरं, चल. किल्ली उचल ती.

धाकटा : उचलली.

ताई : आणि तो ठिपका आल्यावर पुसून टाकते मी.

धाकटा : राहू दे.

ताई : का रे?

धाकटा : पुसलास तर रोज सकाळी मलाच बघावं लागेल, परत लावलास का ते.