उप्पु तग्गिंदी

तेलंगणातल्या उटनूरच्या दवाखान्यात, रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आणि तिच्या शेजारची पोर.

"हे मले वळखून नाही राह्यले, प्रतिभा. सकाळी मलेच इचारलं, तू कोणाची?"

"मांगच्या खेपेले डॉक्टर काय म्हणले, काकू?"

"ह्यायचं रगत तपासलं अन् तेलुगूत म्हणले, उप्पु तग्गिंदी. उप्पु म्हंजे मीठ, एवढं समजते मले. मीठ कमी करा म्हणले."

"मंग?"

"मंग बंदच केलं. भाकरीत नाही, वरणात नाही."

"काकू, तग्गिंदी म्हंजे कमी करा नाही होत. कमी झालं. अंगातलं मीठ कमी झालं, म्हणले ते."

"नीट सांग. झालं?"

"झालं, काकू. अंगातलं मीठ घटलं का माणूस वळख इसरते."

"रोज चिमूटभर मागत होते, माय. मी हात धरून म्हणत होती, जगायचं नाही काय तुमाले."