चुंबकावरची रोपं

— बाबा, झारी सोडा. वाकू नका, हातातून तशीच पडू द्या.

— अगं, ओरडतेस कशाला? रोपांना पाणी घालतोय.

— आधी मागे या. मग बोला.

— थांब जरा. भोवळ आल्यासारखं होतंय. या फळीला धरून…

— फळीला नको. फळीखालीच चुंबक आहेत. माझा दंड धरा. हं, असं. चला दारापर्यंत.

— चुंबक लोखंडाला ओढतात. मी काय लोखंडाचा आहे?

— छातीत पेसमेकर आहे तुमच्या. एवढा मोठा चुंबक जवळ आला की त्याची लय बदलते. म्हणून तर दारावर पाटी लावली, आत येऊ नका म्हणून.

— मला वाटलं, ती बाहेरच्यांसाठी. नर्सरी माझी, काचघर माझं.

— बसा या पायरीवर. धडधडतंय?

— धडधडत होतं. आता उतरतंय. रोजचंच आहे हे, बाहेर आलं की बरं वाटतं.

— रोजचं?

— तू कॉलेजात शिकवायला गेलीस की तुझा हा प्रयोग बघायला येतो ना मी. आयुष्यभर रोपं केली, पण असलं पाहिलं नव्हतं. नुसत्या चुंबकावरची बेताचीच. नुसते तुझे ते जिवाणू मातीत घातलेली जरा बरी. आणि दोन्ही मिळालेली कशी तरारलीत! मुळं बघायला वाकतो मी.

— फळीवर छाती टेकवून.

— नजर अधू झाली आता. जवळून बघावं लागतं.

— आणि छातीत असं व्हायचं, तर कुणाला बोलला का नाहीत?

— काय बोलणार? वाटलं, मशीन बंद पडत चाललंय. आपलं काही फार दिवसांचं नाही.

— म्हणून आईला कलमं बांधायला शिकवत होतात?

— मी गेल्यावर गिऱ्हाईक दारातून परत जायला नको.

— ती मला हसून सांगत होती, म्हातारपणी शाळेत घातलंय यांनी मला.

— हसू दे. मला झोप लागायची नाही गं. डोळे मिटले की वाटायचं, आता थांबणार. भिंतीकडे तोंड करून पडायचो, तिला कळू नये म्हणून.

— मी आणले ते चुंबक. तुमच्याच घरात.

— तू कशाला वाईट वाटून घेतेस? एवढं सांग, मशीन धड आहे ना माझं?

— असावं. चुंबकापासून लांब गेलं की ते पूर्ववत चालतं म्हणतात. पण आत्ता डॉक्टरांकडे जायचं. त्यांनी तपासल्याशिवाय मी काही म्हणणार नाही.

— म्हणजे तुलाही खात्री नाही.

— नाही.

— बरं झालं, उगाच धीर दिला नाहीस. आणि ती रोपं टाकू नकोस. लांबच्या शेडमध्ये हलव.

— रोपांचं नंतर बघू. मनगट द्या इकडे, नाडी बघते. बोलू नका.

— बघ.

— बाबा, हात स्थिर ठेवा ना. फार थरथरतोय.

— माझा नाही गं. तुझा थरथरतोय.